उडतो तो, पडते ती

‘काय उडवली राव गाडी!’ हे आपल्याकडे कौतुकाचं वाक्य आहे. गंगापूर धरणापलीकडे गिरणारे-हरसूलच्या वाटेवर, त्र्यंबक रस्त्याला, पावसाळ्यात पहिन्याच्या धबधब्यांकडे जाताना कुठल्याही रविवारी ते ऐकू येतं. गावाची वेस आली की गतिरोधक येतो. तिथे वेग कमी करायचा असतो, ही मुलं तिथे वेग वाढवतात. पुढचं चाक उंचवट्यावर चढतं, हॅण्डल वर खेचलं जातं, क्षणभर दोन्ही चाकं जमीन सोडतात आणि मग गाडी धाडकन खाली येते. मागून येणारा मित्र मोबाईलवर चित्रण करत असतो. पोरगं सुखरूप उतरलं तर शाबासकी, पडलं तर ‘वयच तसं आहे’.

या मुलांना नावं ठेवायला मी लिहीत नाही. ते काम करणारे पुष्कळ आहेत, आणि त्यातले निम्मे स्वतः तरुणपणी हेच करत होते. शिवाय कामासाठी मीही मोटरसायकल चालवते. चढावरून गाडी सुटते तेव्हा पोटात जो गोळा येतो तो मला माहीत आहे, आणि तो मला आवडतो. मला लिहायचं आहे ते मागच्या सीटबद्दल. कारण सोमवारी हाच मुलगा, याच गाडीवरून, याच रस्त्याने आईला दवाखान्यात नेतो, बहिणीला एस.टी. स्टँडवर सोडतो, बायकोला माहेरी पोचवतो. हात तोच, सवय तीच, गतिरोधकही तोच. फक्त मागे आता एक बाई एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसलेली असते. एका हातात पिशवी, मांडीवर बहुतेक वेळा मूल. तिला उडायचं आहे का, हे कोणी विचारलेलं नसतं.

गतिरोधकावर नेमकं काय होतं ते आपण बायकांनी नीट समजून घेतलं पाहिजे. चालवणाऱ्याला उंचवटा समोर दिसतो. त्याच्या हातात हॅण्डल असतं, दोन्ही पाय दोन बाजूंना टेकलेले असतात, गुडघे टाकीला दाबलेले असतात. तो आपोआप थोडा उचलला जातो, सावरतो. मागे बसलेलीला त्याच्या पाठीशिवाय काही दिसत नाही. ती जवळजवळ मागच्या चाकाच्याच वर बसलेली असते. ताशी चाळीस किलोमीटरच्या वेगाने पुढचं चाक गतिरोधकावरून गेलं की सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात मागचं चाक तिथे पोचतं. पुढच्या चाकाने तिला जी सूचना मिळते ती एवढीच. मग खालून एक फटका बसतो आणि ती सीटवरून सुटते. दोन्ही पाय एकाच बाजूला, एक हात त्याच्या खांद्यावर, दुसरा मुलाभोवती. पकडायचं कशाला? ती पाठीवर किंवा कुशीवर पडते आणि डोकं डांबरावर आपटतं. त्याचं पुढचं चाक पार झालेलं असतं, त्याच्या दृष्टीने गतिरोधक संपलेला असतो. पुष्कळदा गाडी हलकी का लागते आहे म्हणून मागे वळून पाहिल्यावर त्याला कळतं.

आता दुसरं दृश्य पाहा. आपल्या नाशिकला मोटरसायकलच्या सुपरक्रॉस आणि रॅलीच्या शर्यती झाल्या आहेत. सुपरक्रॉसमध्ये मैदानात मुद्दाम मातीचे उंचवटे रचतात आणि त्यांवरून गाड्या उडवतात. तिथे उडणाऱ्याच्या अंगावर काय काय असतं? पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल, छातीला आणि पाठीला कवच, कोपर-गुडघ्यांना पट्टे, हातमोजे, नडगीपर्यंत बूट. उंचवट्याची माती आधी तपासलेली असते. झेंडा घेऊन माणूस उभा असतो, मैदानाच्या कडेला रुग्णवाहिका आणि डॉक्टर असतात. म्हणजे जो आपल्या मर्जीने, सराव करून, टाळ्यांसाठी उडतो त्याची एवढी काळजी. आणि जी न विचारता उडवली जाते तिच्या डोक्यावर पदर! मैत्रिणींनो, बाईच्या जिवाची किंमत आपली व्यवस्था कशी लावते हे शिबिरात समजावून सांगायला याहून सोपं उदाहरण मला सापडलेलं नाही.

ती एका बाजूला का बसते? उत्तर सगळ्यांना पाठ आहे. साडी. आणि त्यामागचं न बोललेलं उत्तर : पाय फाकून बसणं बाईला शोभत नाही. पण साडीचा हा बहाणा जरा तपासू या. आपल्या आज्या-पणज्यांची नऊवारी काष्ट्याची होती. त्या काष्ट्यावर शेतात वाकता येत होतं, झाडावर चढता येत होतं, घोड्यावर मांड टाकता येत होती. दिंडोरी-निफाडकडे आजही एखादी सत्तरीची आजी नातवाच्या मागे दोन्हीकडे पाय टाकून खुशाल बसलेली दिसते, आणि तिची पाचवारीतली सून त्याच गाडीवर एका बाजूला, अंग चोरून. शीतल महाजनांनी २०१८ मध्ये थायलंडला नऊवारी नेसून विमानातून उडी मारली. रमिला लटपटे २०२३ साली नऊवारी नेसून मोटरसायकलवर जगप्रवासाला निघाल्या. तेव्हा अडचण कापडाची नाही. गोल साडीबरोबर जी सभ्यता आपल्या घरात आली तिची ही अडचण आहे. आणि सलवार-कमीज आली तरी ती गेली नाही! सलवार घातलेली, चांगली शिकलेली मुलगी माहेरच्या गावात दोन्हीकडे पाय टाकून बसते आणि सासरची वेस आली की गाडी थांबवून एका बाजूला बसते. आमच्या एका बैठकीत एकीने हे सांगितलं तेव्हा बाकीच्या सगळ्या हसल्या. म्हणजे सगळ्याच हे करत होत्या.

गंमत अशी की कायद्याने ही बाई पाहिलेली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे आहेत. त्यातला १२३ वा नियम म्हणतो की मागे बसणाऱ्यासाठी धरायला पक्की मूठ हवी, पाय ठेवायला फूटरेस्ट हवं, आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं निदान अर्धं चाक झाकणारं संरक्षण हवं. ज्याला आपण साडीगार्ड म्हणतो ते हेच. नवी गाडी घरी आली, नारळ फुटला, हार घातला, की काही दिवसांत हे साडीगार्ड काढून माळ्यावर टाकलं जातं. का? तर गाडी ‘लेडीज’ दिसते. कित्येक घरांत ती गाडी बायकोच्या बचत गटाच्या कर्जातून आलेली असते, हप्ते ती भरते. पण गाडी कशी दिसावी हे तो ठरवतो.

ती पडली की काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. दिंडोरी तालुक्यातली एक बाई, द्राक्षबागेत मजुरीला जाणारी, संध्याकाळी मुलाच्या मागे बसून घरी येत होती. गतिरोधकाला पट्टे नव्हते, दिवाही नव्हता. तिसऱ्या दिवशी ती गेली. नाव-गाव देत नाही, कारण मुलाला मी ओळखते आणि तो काही गुन्हेगार नाही. तो अजून नीट जेवत नाही. पण दहाव्याला जमलेल्या माणसांचं बोलणं ऐका. ‘झोप लागली असंल तिला.’ ‘बीपी व्हतं ना, चक्कर आली असंल.’ ‘नीट धरून बसाया नको का?’ कागदावर लिहिलं होतं : मोटारसायकलवरून तोल जाऊन पडल्याने. तोल कोणाचा गेला? तिचा. म्हणजे मरणाची जबाबदारीही तिचीच.

हा ‘तोल’ मला स्टोव्हच्या ‘भडक्या’सारखा वाटतो. एके काळी बाई जळून मेली की स्टोव्हचा भडका उडाला एवढं म्हणून कागद मिटत होते. चळवळीतल्या बायकांनी प्रश्न विचारले, मोर्चे काढले. १९८३ मध्ये कायदा बदलला, ४९८-अ आलं, आणि लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाईचा संशयास्पद मृत्यू झाला तर शवविच्छेदन करायचं असं ठरलं. आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ मध्ये ती तरतूद आहे. गतिरोधकावर पडलेल्या प्रत्येक बाईला कोणी मारलं असं मी म्हणत नाही. बहुतेक वेळा तसं नसतंच. पण ‘अपघात’ हा शब्द आला की आपण चौकशी थांबवतो. वेग किती होता, मूठ होती का, साडीगार्ड होतं का, गतिरोधक कोणी बांधला, पट्टे का नव्हते, हे कोणी विचारत नाही. शेतात साप चावला तर जशी हळहळ होते तशी होते आणि विषय संपतो.

पैशाच्या बाबतीत तर ती बाई अस्तित्वातच नसते. गावाकडच्या बहुतेक मोटरसायकलींचा विमा, असलाच तर, नुसता ‘थर्ड पार्टी’ असतो. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तिलकसिंग यांच्या खटल्यात स्पष्ट केलं की केवळ कायद्याने सक्तीचा तेवढाच विमा असेल, तर दुचाकीवर भाडं न देता मागे बसलेल्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. म्हणजे गाडीने रस्त्यावरच्या परक्या माणसाला उडवलं तर त्याला भरपाई. घरच्या बाईला उडवलं तर नाही. पॅकेज पॉलिसीत मागे बसणारा येतो, हे विमा नियामकाने २००९ साली कंपन्यांना बजावलं आहे. पण गाडी घेताना पॅकेजचा हप्ता जास्त म्हणून तो टाळला जातो, आणि दुकानात त्या वेळी ती बाई नसतेच. पूर्ण भरपाईचा दावा करायचाच म्हटलं तर मुलाच्या किंवा नवऱ्याच्या निष्काळजीपणामुळे ती पडली असं लिहून द्यावं लागतं. कोणती मुलगी भावाविरुद्ध असं लिहून देईल? इकडे न्यायालयाने घरकामाचं मोल मान्य करायला सुरुवात केली आहे. लता वाधवा खटल्यात २००१ मध्ये घरच्या बाईच्या कामाचे महिना तीन हजार रुपये धरले. अरुणकुमार अग्रवाल खटल्यात २०१० मध्ये, जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत बसवल्याबद्दल कानउघाडणी केली. कीर्ती खटल्यात जानेवारी २०२१ मध्ये घरकामाचं उत्पन्न धरायलाच हवं असं पुन्हा ठासून सांगितलं. छान आहे. पण या निकालांपर्यंत पोचायला आधी दाव्याच्या दारात उभं राहता यायला हवं. मागच्या सीटवरून ते दार फार लांब आहे.

हेल्मेटचंही तसंच. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसं अपघातांत गेली. त्यात चालवणारे ३५,६९२ आणि मागे बसलेले १४,३३७. ‘सहप्रवासी’ या सरकारी शब्दामागे बहुतेक वेळा कोण बसलेली असते हे आपल्याला ठाऊक आहे. नाशिक शहरात पोलिसांनी १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ अशी मोहीम सुरू केली. हेतू चांगला होता, बातम्याही खूप आल्या. पंपावर काय दिसायचं? हेल्मेट घातलेला पुरुष, आणि मागे उघड्या डोक्याची बाई, तिच्या मांडीवर उघड्या डोक्याचं मूल. पेट्रोल मिळायचं. कायद्याचं कलम १२९ मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं करतं, पण गाडीबरोबर घरात येतं ते हेल्मेट एकच. दुसरं घ्यायची वेळ आली की अंबाडा बसत नाही, गजरा चुरगळतो, पदर राहत नाही, देवळात जाताना बरं दिसत नाही, एवढ्याशासाठी हजार रुपये कशाला, असं सुरू होतं. हे बोलणारे नुसते पुरुष नाहीत, हेही आपण मान्य करू या. संक्रांतीच्या वाणात आपण एकमेकींना प्लॅस्टिकचे किती डबे दिले असतील! त्या पैशांत प्रत्येक घरात एक आयएसआय हेल्मेट आलं असतं.

आता गतिरोधकाकडे येते. ‘काढून टाका’ अशी मागणी मी करणार नाही, कारण तो कसा आला हे मला माहीत आहे. शाळेत जाणारं पोर ट्रकखाली येतं. गावातल्या बाया रस्त्यावर बसतात, रास्ता रोको होतो, तहसीलदार येतात, पुढारी आश्वासन देतात. आणि मग एका रात्रीत मुरूम आणि डांबराचा एक ढिगारा आडवा पडतो. बायांनी आपल्या पोरांसाठी तो मागितलेला असतो, आणि त्याच बाया त्याच्यावरून पडतात. दोष मागणीचा नाही. तिला मिळालेल्या आळशी उत्तराचा आहे.

इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधक कसा असावा हे १९८८ सालीच ठरवून दिलं आहे. ताशी पंचवीस किलोमीटरने गाडी सुखरूप जावी असा तो हवा : ३.७ मीटर रुंद, म्हणजे बारा फूट, आणि उंची जेमतेम १० सेंटिमीटर, चार बोटांहून थोडी जास्त. वर काळे-पांढरे पट्टे, आणि चाळीस मीटर आधी सूचना देणारा फलक. राष्ट्रीय महामार्गावर तर गतिरोधक नकोच असं केंद्राचं धोरण आहे. नाशिकमधून पेठ, दिंडोरी, हरसूल, सिन्नर कुठल्याही दिशेला निघा आणि बारा फुटांचा एक तरी गतिरोधक दाखवा. दिसतात ते हातभर रुंदीचे उंचवटे, ट्रकला कळतही नाहीत असे, पण दुचाकीला खालून लाथ घातल्यासारखे. खड्डे, गतिरोधक आणि दुरुस्तीचे रस्ते यांच्यापायी २०१५ या एका वर्षात देशात दहा हजारांहून जास्त माणसं गेली, हा आकडा खुद्द मंत्रालयाचा आहे. आणि पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरून दिवस भरलेल्या बायकाही याच रस्त्यांनी येतात. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे, मोफत गाडीची सोय कागदावर आहे. पण रात्री गाडी वेळेवर आली नाही की दिराची मोटरसायकल निघते. कळा देणारी बाई मध्ये, तिला धरून बसलेली सासू मागे. त्या बाईला प्रत्येक गतिरोधकावर काय होत असेल याचा हिशेब कुठल्या आराखड्यात आहे?

महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींमध्ये निम्म्या जागा बायकांच्या आहेत. महिला ग्रामसभा घ्यायची आहे, अजेंडा आपल्या हातात आहे. तरी आपल्या बैठकांत दारू येते, रेशन येतं, पाणी येतं. रस्ता आला तर तो ‘पुरुषांचा विषय’ म्हणून येतो. का बरं? रस्त्यावर मरायला आपण चालतो, बोलायला चालत नाही?

आणि शेवटी हॅण्डल. सगळी सुरक्षा मान्य केली तरी एक प्रश्न उरतो : मागे बसायचंच का? घरात मुलगी कॉलेजला गेली की तिला बिनगिअरची स्कूटर मिळते, मुलाला मोटरसायकल. स्कूटरची चाकं लहान, आणि लहान चाकाला तोच गतिरोधक जास्त जोराने लागतो. म्हणजे खराब रस्त्यांच्या गावात मुलीला मुद्दाम कमी सोयीचं वाहन. वर म्हणायचं, मुलींना गाडी जमत नाही! बंगळूरच्या ऐश्वर्या पिस्सेने २०१९ मध्ये बाजा रॅलींच्या जागतिक स्पर्धेत महिलांचं विजेतेपद मिळवलं. मोटरस्पोर्टमध्ये जागतिक किताब मिळवणारी ती पहिली भारतीय. पहिली भारतीय बाई नव्हे, पहिली भारतीय. हे मी मुलींना सांगते तेव्हा त्यांना खोटं वाटतं. आपल्याकडचे काही ज्येष्ठ कार्यकर्तेही म्हणतात की वेगाचं आकर्षण हे पुरुषी आहे, ते बायकांनी कशाला उचलावं. मला हे पटत नाही. धोका कोणता आणि किती घ्यायचा हे ठरवण्याचा अधिकार ही मोठी गोष्ट आहे. आज आपल्या वाट्याला नुसता धोका आलाय, ठरवणं आलेलं नाही.

आमच्या गटाने एक सुरुवात केली आहे. दोन गावांत बायकांनी मोजपट्टी घेऊन गतिरोधक मोजले. एक भरला अडीच फूट रुंद आणि नऊ इंच उंच. फोटो आणि मापं लावून ग्रामपंचायतीला आणि सार्वजनिक बांधकाम विभागाला अर्ज दिले आहेत; पट्टे मारून मिळाले, बाकीचं ‘विचाराधीन’ आहे. त्याच गावांत नऊ जणी मोटरसायकल शिकायला तयार झाल्या आहेत. दोघी सासवा आहेत. शिकायला गाडी एकच आहे, तीही एकीच्या नवऱ्याची, आणि तो कामावरून येईपर्यंत अंधार पडतो. कोणाकडे जुनी, चालू स्थितीतली शंभर सीसीची मोटरसायकल पडून असेल तर कळवा. साडीगार्ड माळ्यावर असेल तर तेही बरोबर पाठवा.